कोथरूडमधून पेंग्विन मोजताना

पेंग्विन मोजते असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, “म्हणजे राणीच्या बागेतले?” ते वेगळे. भायखळ्याचे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचा बर्फाशी संबंध नाही. दुसरा प्रश्न, “पैसे किती देतात?” काही देत नाहीत. खरं तर तिसरा प्रश्न विचारायला हवा, की मोजून होतं काय. तो कुणी विचारत नाही. मलाही पहिले काही महिने पडला नव्हता. त्याच्याकडे येतेच, पण आधी मोजतात कसं ते सांगते, कारण त्यातच बरीच गंमत आहे.

मी एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. शाखांमध्ये जायचं, व्हाउचर काढायची, शिल्लक जुळवायची आणि शाखाधिकाऱ्याचा कडवट चहा प्यायचा, यात उमेद गेली. निवृत्तीनंतर मैत्रिणी भिशी आणि भजनाकडे वळल्या. मला त्यात कधी रस वाटला नाही. माझी भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होती. तिनं एक दिवस लॅपटॉप समोर ठेवला. “मावशी, तुला दुसऱ्याचं काम तपासायची सवय आहे ना? मग हे कर. निदान आईच्या फोडणीवर शेरे तरी मारणार नाहीस.”

झूनिव्हर्स नावाच्या संकेतस्थळावरचा ‘पेंग्विन वॉच’ हा उपक्रम. 2014 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुरू केलेला. अंटार्क्टिक द्वीपकल्प, त्याच्या उत्तरेची साउथ शेटलंड बेटं, साउथ जॉर्जिया अशा ठिकाणी पेंग्विनच्या वसाहतींसमोर कॅमेरे रोवून ठेवलेले असतात. माणूस तिथं राहत नाही. कॅमेरा दिवसभर ठरावीक वेळानं फोटो काढत राहतो, हिमवादळ असो की ऊन. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, कुणीतरी जहाजानं पोचतं, कार्ड काढतं, बॅटऱ्या बदलतं आणि निघून जातं. मग हजारोंनी साठलेले फोटो बघणार कोण? तिथं माझ्यासारखी रिकामी माणसं लागतात.

खातं उघडायला ईमेल पुरतो. थोडकं प्रशिक्षण असतं, ते बघितलं की लगेच फोटो समोर येतो. पहिला प्रश्न: यात एखादा प्राणी दिसतो का? हो, नाही, किंवा सांगता येत नाही. ‘हो’ म्हटलं की खुणा करायच्या. मोठा पक्षी, पिल्लू, अंडं आणि ‘इतर’, प्रत्येकाची खूण वेगळी. पक्ष्याच्या मध्यावर क्लिक करायचं, एकेक करत. मोबाइलवर होतं म्हणतात, पण माझ्या चष्म्याच्या नंबरला ते झेपत नाही. मी सरळ भाच्याचा जुना मॉनिटर लॅपटॉपला जोडून घेतला.

मोठे पक्षी मोजणं सोपं. जेंटूच्या डोक्यावर एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पांढरा पट्टा आणि चोच नारिंगी. चिनस्ट्रॅपच्या हनुवटीखालून काळी रेघ जाते. अडेलीचं डोकं संपूर्ण काळं, डोळ्याभोवती पांढरं कडं. शेजारी शेजारी उभे असले तरी प्रत्येकाचं अंतर राखलेलं असतं, कारण चोच पोचेल एवढ्या जवळ दुसऱ्याचं घरटं नको असतं. गोंधळ होतो तो फोटोच्या मागच्या भागात. तिथं उतारावरचे पक्षी ठिपक्याएवढे दिसतात आणि दगडही तेवढेच.

खरी परीक्षा पिल्लांची. जेंटू बहुतेक वेळा दोन अंडी घालतो, नर-मादी आळीपाळीनं बसतात. अंड्यांवर बसलेला पक्षी कॅमेऱ्याला फक्त पाठ दाखवतो. अंडं दिसतं ते क्वचित, कूस बदलताना वगैरे. पिल्लू बाहेर आलं तरी सुरुवातीला आईबापाच्या पोटाखालीच असतं. करड्या लवीचं, दगडगोट्यांच्या घरट्यात, वर चिखल आणि विष्ठा. आता सांगा, हा करडा गोळा पिल्लू की गोटा? मी हळूहळू पिल्लाऐवजी मोठ्या पक्ष्याकडे बघायला शिकले. मान खाली घालून चोच उघडलेली असेल तर खाली नक्की कुणीतरी तोंड उघडून बसलंय. पंख किंचित सुटलेले, पोट वर उचललेलं असेल तर खाली अंड्यापेक्षा मोठं काहीतरी आहे. तरी दिसल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम. अंदाजानं व्हाउचर पास करत नाहीत.

पुढे पिल्लं मोठी झाली की आईबाप दोघंही समुद्रावर जातात आणि पिल्लं एकमेकांना चिकटून घोळक्यात उभी राहतात. पाच डोकी, सात पाठी, एक पाय. मोजा! फोटो क्रमानं येत नाहीत, त्यामुळे आधीच्या फोटोत किती होती ते बघून जुळवायची सोयही नाही.

माझ्या स्वभावाला सगळ्यात जड गेलं ते हे, की बरोबर की चूक ते कुणी सांगत नाही. खुणा केल्या, पुढचा फोटो. मी भाचीला म्हटलं, “अगं, मग तपासतं कोण?” ती म्हणाली, “एकमेकांना तुम्हीच तपासता.” एकच फोटो दहा जणांना दाखवतात. पहिल्या चौघांनी ‘काहीच नाही’ म्हटलं तर तो बाद. नाहीतर दहाही जणांच्या खुणा एकावर एक ठेवतात आणि जिथं खुणांचा पुंजका होतो तिथं पक्षी आहे असं धरतात. मोठ्या पक्ष्यासाठी किमान चार खुणा लागतात. पिल्लू आणि अंड्यासाठी दोन पुरतात.

यावर आमचं चांगलंच वाजलं. “दोघांच्या सहीवर पिल्लू मंजूर? आमच्याकडे दोन सह्यांवर पाचशेचा चेक सुटायचा नाही.” ती म्हणाली, “मावशी, नसलेलं पिल्लू दिसणं फार कमी घडतं. असलेलं पिल्लू न दिसणं रोजचं. चार सह्या मागितल्या तर अर्धी पिल्लं कागदावरून गायब होतील.” तिचं म्हणणं मला पटायला वेळ लागला. तज्ज्ञांनी स्वतः मोजलेल्या फोटोंशी ताडून हे आकडे ठरवलेत हे कळल्यावर मात्र मी गप्प बसले. 2018 मध्ये त्यांनी 15 कॅमेऱ्यांच्या 73,802 फोटोंवरच्या सगळ्या खुणा, नावं काढून, जगासाठी खुल्या केल्या. असा खुला हिशोब मी नोकरीत कधी पाहिला नाही.

‘इतर’मध्ये काय काय येतं! वाळूवर लोळणारा सील. पांढरा, कोंबडीसारखा दिसणारा शीथबिल, जो वसाहतीत उष्टंखरकटं आणि अंडी मिळतील म्हणून घुटमळतो. तपकिरी स्कुआ, तो सरळ अंडं किंवा पिल्लू उचलून नेतो. रंगीत जॅकेटं घातलेले पर्यटक. पहिल्यांदा माणूस दिसला तेव्हा मला तो आगाऊ वाटला, विनापरवानगी हिशोबात शिरल्यासारखा.

आणि मग रिकामे फोटो. भिंगावर बर्फ. नुसतं धुकं. नुसते दगड. सकाळी चहा घेऊन बसावं आणि एकामागून एक पांढरे चौकोन यावेत. भावजय मागून डोकावून म्हणायची, “वन्सं, स्क्रीन बिघडली वाटतं.” मी कंटाळून भाचीकडे तक्रार केली तर ती उलट खूश. पक्षी वसाहतीत परत आले कधी, हे ठरतं शेवटच्या रिकाम्या फोटोवरून. तो फोटो कुणी प्रामाणिकपणे ‘रिकामा’ म्हणाला नाही तर पहिल्या आगमनाची तारीख सांगता येत नाही. पुढे 2026 च्या जानेवारीत या कॅमेऱ्यांवर आधारलेला निबंध आला. 2012 ते 2022 या दहा वर्षांत जेंटू सरासरी 13 दिवस आधी घरट्यांवर यायला लागलेत, अडेली आणि चिनस्ट्रॅप साधारण 10 दिवस. पक्ष्यांच्या वेळापत्रकात एवढा बदल, तोही एका दशकात. ते वाचलं आणि पांढऱ्या चौकोनांबद्दलची माझी कुरकुर थांबली.

आता तो तिसरा प्रश्न. मोजून होतं काय?

याचं उत्तर पक्ष्यात नाही, समुद्रात आहे. हे पेंग्विन मुख्यतः क्रिल खातात. जेंटू जोडीला मासेही बऱ्यापैकी खातो. क्रिल म्हणजे काय, हे घरी समजावताना मी मंडईतला सुका जवळा दाखवला. प्राणिशास्त्राच्या हिशोबात जवळा आणि क्रिल वेगळ्या गटांतले, भाची लगेच टोकतेच, पण डोळ्यासमोर यायला बरं. फरक एवढाच, की अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पाच-सहा वर्षं जगतो आणि त्याचे थवे प्रचंड असतात. व्हेल, सील, पेंग्विन, अल्बट्रॉस, मासे, सगळ्यांचं पोट त्याच्यावर. आणि आता माणसांचंही. नॉर्वे, चीन, चिली, दक्षिण कोरिया यांची जहाजं तो पकडतात. काही जहाजांवर तर जाळं वर ओढतच नाहीत. ते पाण्यातच राहतं आणि पंपानं क्रिल सतत वर येत राहतो. त्यातला मोठा भाग मत्स्यशेतीतल्या सामन माशांचं खाद्य होतो आणि काही ओमेगा-3 च्या कॅप्सूलमध्ये जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्या मिळतात. मी डबीवरचं बारीक अक्षर वाचत उभी राहिले तर दुकानदार म्हणाला, “काकू, गुडघ्यांसाठी हवीय का?”

या पाण्यात एकदा हात पोळलेले आहेत. साउथ जॉर्जियाभोवती मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा होता. 1969-70 च्या मोसमात सोव्हिएत ट्रॉलरांनी त्यातला सुमारे चार लाख टन उपसला. दुसऱ्या मोसमानंतर पकड कोसळली. अर्धं शतक उलटलं तरी त्या उपशाचा दाखला आजही देतात. क्रिलचं असं झालं तर फक्त क्रिल जाणार नाही, म्हणून 1980 मध्ये अंटार्क्टिक समुद्रातले जीव राखण्याचा एक करार झाला आणि 1982 मध्ये तो अमलात आला. त्याचा आयोग कॅमलार, कार्यालय ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात, होबार्टला. भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे, हे मला या वयात कळलं. या करारातली मला आवडलेली गोष्ट अशी, की मासा किती उरला एवढंच बघायचं नाही, त्यावर जगणाऱ्यांचं काय झालं तेही बघायचं.

ते बघायचं कसं? समुद्राखालचा क्रिल मोजायला ध्वनिलहरी सोडणारी जहाजं लागतात, ती रोज फिरत नाहीत. पेंग्विन मात्र रोज फिरतो. पिल्लं असताना त्याला लांब जाता येत नाही. आसपासच्या समुद्रातून पोट भरून परत यावं लागतं, नाहीतर पिल्लू उपाशी. म्हणजे त्या महिन्यात त्या समुद्राच्या तुकड्यात खाणं होतं की नाही, याची साक्ष घरट्यात मिळते. कॅमलारनं 1980 च्या दशकातच असे साक्षीदार निवडले: अडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू, मॅकरोनी पेंग्विन, काळ्या भुवईचा अल्बट्रॉस, पेट्रेल नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या दोन जाती आणि फर सील. पिल्लं किती जगली, किती वजनाची झाली, आईबाप किती वेळानं परतले, याच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीनं वर्षानुवर्षं ठेवतात. कॅमेऱ्यांमुळे जिथं माणूस राहत नाही अशा वसाहतीही यात येऊ लागल्या. 2023 च्या ऑक्टोबरात पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा साउथ जॉर्जियापर्यंत पोचला आणि पुढच्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. तेव्हापासून वसाहतीत पाऊल टाकायला लोक कचरतात, कॅमेऱ्याला ती भीती नाही.

हे कळलं आणि मी मर्यादांचे आकडे काढून बसले. जित्याची खोड. द्वीपकल्प आणि आसपासच्या बेटांच्या पट्ट्यात क्रिलची वर्षाची पकड 6,20,000 टनांवर थांबवायची असा नियम आहे. शास्त्रीय हिशोबानं सावधगिरीची मर्यादा 56 लाख टनांच्या वर जाते, आणि एकूण क्रिल कोट्यवधी टनांत. मग काळजी कसली, असं कुणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. एकूण बेरीज ठीक दिसते म्हणून एखादी शाखा ठीक असते असं नाही, हे मला पगार घेऊन शिकवलेलं आहे. जहाजं कोट्यवधी टनांच्या समुद्रावर सारखी पसरत नाहीत. जिथं थवे दाट, तिथं जमतात. आणि थवे दाट असतात तिथंच पेंग्विनही येतात.

म्हणूनच 6,20,000 टनांची उपविभागांत वाटणी करून ठेवली होती. द्वीपकल्पाजवळच्या उपविभागात 1,55,000 टनांपेक्षा जास्त धरायचा नाही, तेवढा झाला की तिथली मासेमारी बंद. ही वाटणीची अट 2024 च्या शेवटी संपली, कारण ती पुढे चालू ठेवण्यावर सदस्यांचं एकमत झालं नाही. एकूण आकडा राहिला, शाखानिहाय मर्यादा गेली. 2025 च्या ऑगस्टमध्ये, मोसम संपायच्या कितीतरी आधी, पूर्ण 6,20,000 टन भरले आणि मासेमारी बंद करावी लागली. माझं मत विचाराल तर हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. मोजणारे मोजतायत आणि ज्यांनी आकडा बघायचा ते वहीच मिटून ठेवतायत. काही कंपन्या प्रजननकाळात वसाहतींपासून स्वतःहून दूर राहतात, हे खरं आणि चांगलंही. पण स्वेच्छा म्हणजे नियम नव्हे.

मोजणीनं काहीच होत नाही असंही नाही. टूथफिश पकडताना मैलोन्‌मैल लांब दोरीला गळ लावून सोडतात. त्याच्या आमिषावर झेप घेऊन अल्बट्रॉस आणि पेट्रेल गळाला अडकायचे आणि बुडून मरायचे. जहाजांवर निरीक्षक बसले, मेलेला प्रत्येक पक्षी नोंदला गेला. मग नियम आले: दोऱ्या रात्रीच सोडायच्या, त्यांना वजन लावून झटकन बुडवायच्या, वर फडफडत्या पट्ट्यांची दोरी ओढायची म्हणजे पक्षी बिचकतो, दोरी सोडताना माशांचा टाकाऊ भाग पाण्यात फेकायचा नाही, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद. साउथ जॉर्जियाभोवती हा मृत्यूंचा आकडा जवळजवळ शून्यावर आला. तिथल्या भटक्या अल्बट्रॉसची संख्या तरीही घटतेय, कारण तो उडत दूरच्या पाण्यात जातो आणि तिथले गळ हे नियम पाळत नाहीत.

आता थोडं माझ्या शंकेबद्दल. पिल्लं कमी झाली तर दोष कुणाचा? एलिफंट बेटावर 1971 च्या मोजणीच्या तुलनेत 2020 मध्ये चिनस्ट्रॅप निम्म्याहून कमी भरले. क्रिलची अळी हिवाळ्यात समुद्रबर्फाखालचं शेवाळ खाऊन तगते आणि तो बर्फ द्वीपकल्पाभोवती घटलाय. शिकार थांबल्यामुळे व्हेल परत येतायत आणि तेही क्रिलच खातात. त्यात जहाजं. शिवाय जेंटू मात्र वाढतोय, दक्षिणेकडे सरकतोय, कारण त्याला मिळेल ते चालतं. माझ्या खुणा सांगतात की शिल्लक कमी आहे. पैसे कुणी नेले ते सांगत नाहीत.

हे शोधायला एकच सरळ मार्ग मला दिसतो. काही भागांत मासेमारी पूर्ण बंद ठेवायची, काही भागांत चालू, दोन्हीकडे कॅमेरे सारखे, आणि बरीच वर्षं वाट बघायची. रॉस समुद्रात 2016 मध्ये असा मोठा संरक्षित भाग ठरला. द्वीपकल्पासाठी अर्जेंटिना आणि चिलीनं प्रस्ताव मांडून वर्षं झाली, तो अजून अडकलेला आहे. एका सदस्यानं जरी नाही म्हटलं तरी गाडी थांबते. भाची म्हणते, “मावशी, निदान ते एकत्र बसतात तरी.” तिचं वय तसं म्हणायचं आहे.

दरम्यान ऑक्सफर्डवाल्यांनी आमच्याच खुणांवर एक संगणक शिकवून तयार केला, त्याचं नाव पेंगबॉट. मोठे पक्षी तो आमच्यापेक्षा भराभर मोजतो. बर्फातली आणि घोळक्यातली पिल्लं त्याला जड जातात, असं भाची सांगते, आणि मला ते ऐकून बरं वाटतं हे लपवत नाही.

होबार्टची वार्षिक बैठक ऑक्टोबरच्या शेवटी असते, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या आगेमागे. गेल्या वेळी मी चकल्या तळता तळता भाचीला बैठकीचा निकाल बघायला बसवलं. द्वीपकल्पाचं पुन्हा काही झालेलं नव्हतं. जेंटूंची अंडी घालायची वेळ तेव्हाच सुरू होते. ते फोटो आमच्या हाती यायला अजून बराच अवकाश, कार्ड आणायला जहाज जायचंय. तोवर जुन्या मोसमातले शिल्लक आहेत, ते चाललेत.